एकच कोडे, एक सोंगटी इकडची तिकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय: गो खेळाची कोडी छापण्याची आणि सोडवण्याची रीत

शब्दकोडे, सुडोकू, बुद्धिबळातली दोन खेळींची मात यांना वृत्तपत्रात रोजची जागा असते आणि ती असावीच. आज एक कोडे, खाली उलटे छापलेले उत्तर, उद्या दुसरे कोडे. शब्दकोड्याला ही रीत शोभते. गो या खेळाला ती लावली की नुकसान होते. गो शिकणारे बहुतेक जण मात्र पुस्तकातून काय किंवा मोबाइलवर काय, हेच करत असतात. एकमेकांशी काही नाते नसलेली कोडी एकामागून एक उरकायची, रोजचा आकडा मोजायचा आणि पटावर बसले की पुन्हा तिथेच गट गमवायचा. आमचे म्हणणे असे की वीस परकी कोडी सोडवण्यापेक्षा एका कोड्याची वीस भावंडे सोडवावीत. एखादी सोंगटी एका बिंदूने सरकलेली, एखादी काढून घेतलेली, कधी नुसती पाळी बदललेली. चित्र जवळजवळ तेच, उत्तर कधी तेच तर कधी साफ उलटे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा, म्हणजे ३६१ छेदबिंदू. सोंगटी घरात नव्हे, रेघांच्या छेदावर ठेवतात, आणि ठेवलेली सोंगटी हलत नाही. तिला रेघेने लागून असलेला रिकामा बिंदू म्हणजे तिचा श्वास. चिनी भाषेतला शब्द ‘ची’ आहे, त्याचा अर्थही श्वासच. लागून असलेल्या एका रंगाच्या सोंगट्यांचे श्वास सामायिक असतात आणि शेवटचा श्वास बुजला की सगळा गट उचलला जातो. ज्या गटाच्या पोटात दोन वेगळ्या रिकाम्या जागा, म्हणजे दोन डोळे असतात तो मरत नाही. प्रतिस्पर्ध्याला एका पाळीत एकच जागा बुजवता येते, आणि जिथे श्वास नाही व पकडही होत नाही तिथे सोंगटी ठेवायला बहुतेक नियमांत बंदी आहे. राहता राहिला ‘को’. त्यात एकेक सोंगटी आलटूनपालटून पकडता येते, पण लगेच उलट पकडायला मनाई असते. आधी दुसरीकडे एक खेळी करावी लागते. गट जगतो की मरतो, या कोड्यांना जगभर ‘त्सुमेगो’ हे जपानी नाव रूढ आहे.

आता मुद्द्याचे. सगळ्यात सोपे कुटुंब चार बिंदूंच्या पोटाचे. चार बिंदू एकमेकांना लावून ठेवायचे तर आकार पाचच होतात: सरळ, एल, नागमोडी, टी आणि चौकोन. कोपऱ्यापासून दूर असताना पहिले तिन्ही जिवंत असतात. हल्लेखोर मधल्या दोन बिंदूंपैकी एकावर बसला की बचाव करणारा दुसऱ्यावर बसतो आणि डोळे दोन होतात. टी आकार पाळीवर अवलंबून असतो. जो आधी मधल्या बिंदूवर बसेल त्याचे काम झाले. चौकोन मेलेलाच, पाळी कोणाचीही असो. बचाव करणाऱ्याने स्वतः एक बिंदू भरला तर तीन बिंदूंचा वाकडा आकार उरतो आणि हल्लेखोर त्याचा मध्य घेतो. हे पाच आकार वेगवेगळ्या दिवशी शिकवले तर पाच उत्तरे पाठ होतात. एकाच कागदावर शेजारीशेजारी ठेवले तर शिकणाऱ्याला आपोआप विचारावे लागते की टी मरतो मग एल का नाही. बिंदू दोन्हीकडे चारच. फरक एवढाच की टीमध्ये एक बिंदू तिघांचा शेजारी आहे आणि त्याला तोड नाही. एलमध्ये तोडीस तोड असे दोन बिंदू आहेत. हे एकदा समजले की पाच बिंदूंच्या बारा आकारांची धास्ती उरत नाही. त्यांतले फक्त दोनच हल्ल्याला बळी पडतात, अधिकचिन्हासारखा आणि चौकोनाला एक शेपूट जोडलेला. हे पाठ करायची गरज नाही, शोधून काढता येते.

खरी गंमत कोपऱ्यात सुरू होते. पुढच्या उदाहरणांसाठी नावे ठरवून घेऊ. पटाच्या कोपऱ्याचा बिंदू क, त्याच्या शेजारी पहिल्याच, म्हणजे पटाच्या कडेच्या रेघेवर ख आणि ग. त्यांच्या डोक्यावर दुसऱ्या रेघेवर अनुक्रमे च, छ, ज. बचाव काळ्याचा, हल्ला पांढऱ्याचा, काळ्याची भिंत, म्हणजे पोटाला वेढणाऱ्या त्याच्या सोंगट्या, अखंड.

आधी एल आकार असा ठेवा की त्याची वळणाची जागा नेमकी कोपऱ्यात येईल, म्हणजे काळ्याच्या पोटात च, क, ख, ग हे चार बिंदू. मघाशी एल जिवंत म्हटला होता. इथे पांढरा ख वर बसतो. काळ्याला क शिवाय गत्यंतर नाही. पण कोपऱ्यातल्या त्या सोंगटीला दोनच शेजारी, त्यातला एक पांढऱ्याने घेतलेला, म्हणून पांढरा च वर बसून तिला उचलतो आणि को सुरू होतो. यावर काळा ग भरून पांढऱ्याच्या दोन्ही सोंगट्यांना एका श्वासावर आणू शकतो का? ते बाहेरच्या श्वासांवर ठरते. भिंतीला बाहेरून दोन श्वास असतील तर पांढरा एक बुजवेपर्यंत काळा क वर येऊन दोन्ही सोंगट्या उचलतो आणि जगतो. एकच श्वास असेल तर पांढरा तोच बुजवून सगळा गट घेऊन जातो, म्हणजे को लढण्यावाचून काळ्याला मार्ग नाही. एकही नसेल तर काळ्याला ग वर बसताच येत नाही. (कोपऱ्यातल्या वाकड्या चाराच्या नावाखाली आणखी एक प्रसिद्ध स्थिती सांगतात, जपानी नियमांत ज्यात अडकलेला गट मेलेला धरतात. ती वेगळी. नाव एकच असल्यामुळे या दोहोंची गल्लत फार होते.)

आता त्याच पोटात छ आणि ज हे बिंदू वाढवा. तीन बाय दोनचा आयत झाला. पटाच्या मध्यावर किंवा बाजूला हा सहाचा आयत जिवंत असतो. कोपऱ्यात त्याचे तीन अवतार होतात, आणि फरक पुन्हा फक्त बाहेरच्या श्वासांचा.

बाहेर एकही श्वास नाही: पांढरा छ वर बसतो. काळा ख, पांढरा च. आता काळ्याची स्वाभाविक खेळी ज, पण ती केली की भिंतीचा एकच श्वास उरतो, ग. पांढरा ग वर येऊन अख्खी भिंत उचलतो. ज ऐवजी काळा क वर गेला तर पांढरा ज घेतो. काळा ग वर येऊन तीन सोंगट्या पकडतो खरा, पण पकडलेल्या तीन एका ओळीत होत्या. पांढरा परत छ वर बसला की खेळ खलास. गट मेला.

बाहेर एक श्वास आहे: वरचीच खेळी, पांढरा छ, करून पाहा. काळा ख, पांढरा च, काळा ज. आता पांढऱ्याला ग वर बसताच येत नाही, कारण भिंतीला बाहेर श्वास आहे आणि ती खेळी आत्मघात ठरते. बाहेरचा श्वास बुजवला तर काळा क वर येऊन दोन सोंगट्या उचलतो आणि जगतो. म्हणजे मघाचे अचूक उत्तर इथे चूक. इथे पांढऱ्याला ख वरून सुरुवात करावी लागते: काळा छ, पांढरा ग, काळा क, पांढरा च वर येऊन क उचलतो. को. काळ्याने क ऐवजी च घेतला असता तर पांढरा क वर जातो, आणि काळा ज ने तीन सोंगट्या पकडतो त्या पुन्हा एका ओळीतल्याच.

बाहेर दोन श्वास आहेत: हीच चाल, पांढऱ्याने को घेईपर्यंत. आता काळा ज भरतो. पांढरा बाहेरचा एक श्वास बुजवतो, काळा क वर येऊन ख, ग आणि च या तिन्ही सोंगट्या एकदम उचलतो. डोळे दोन, गट जिवंत.

पोटातले सहाही बिंदू तिन्ही चित्रांत एकसारखे आहेत. बदलतात त्या भिंतीबाहेरच्या एकदोन सोंगट्या, ज्यांच्याकडे नवशिका बघतही नाही. त्याच्या दृष्टीने ते कोड्याचे कुंपण असते. सुटे कोडे सोडवणाऱ्याच्या डोक्यात ‘कोपऱ्यातला आयत – छ’ एवढीच नोंद होते आणि खऱ्या डावात बाहेर एक श्वास असताना तो छ खेळून हातातला को घालवतो. तिन्ही चित्रे समोर ठेवून बसलेला मात्र आधी बाहेरचे श्वास मोजतो, मग आत बघतो. आमच्या मते भावंडांच्या सरावाची सगळ्यात मोठी कमाई ही मोजायची सवय आहे. शिवाय मघाचा एल आणि हा आयत किती जवळचे नातेवाईक आहेत तेही दिसते: तोच ख, तोच क वरचा को, तीच दोन श्वासांची अट.

दुसऱ्या रेघेवरच्या ओळींचे कुटुंब याहून सोपे आहे आणि सुरुवातीला तेच घ्यावे. बाजूला दुसऱ्या रेघेवर सरळ रांगेत सहा सोंगट्या, दोन्ही टोके अडवलेली: मेल्या, पाळी कोणाचीही असो. सात: ज्याची पाळी त्याची बाजी. आठ: जिवंत. हिशेब सरळ आहे. पांढरा दोन्ही टोकांखाली पहिल्या रेघेवर सोंगटी घालून वाकतो, काळा दोन्हीकडे अडवतो आणि रांगेच्या लांबीतून चार वजा होतात. आठातून चार उरतात, जिवंत. सातातून तीन उरतात आणि पाळी पांढऱ्याची. कोपऱ्याला टेकलेल्या रांगेला एकच टोक सांभाळायचे असते म्हणून तिथे चार मरतात, पाचांचे पाळीवर, सहा जगतात. बहुतेकांना हे आकडे तोंडपाठ असतात. तरी डावात चुकतात, कारण ‘टोके अडवलेली’ ही अट आकड्याबरोबर पाठ होत नाही. टोकाच्या पांढऱ्या सोंगटीचे स्वतःचेच श्वास तोकडे असतील तर तिला वाकता येत नाही आणि सातांची रांग पाळी नसतानाही तग धरू शकते. म्हणून सहा, सात, आठ, प्रत्येकी दोन्ही पाळ्या, एवढ्यावर थांबू नये. टोकाची सोंगटी एकदा घट्ट आणि एकदा सैल ठेवून पुन्हा सगळे करावे.

शिडीबद्दल एवढेच. ज्या नागमोडी पाठलागात प्रत्येक खेळीला अतारी, म्हणजे शेवटच्या श्वासाची धमकी असते, तिथे वाटेत दूरवर पडलेली एक सोंगटी निकाल फिरवते. ती सोंगटी एकेक बिंदू सरकवत जावी. प्रत्येक वेळी आधी निकाल लिहावा, मगच सोंगट्या मांडून पडताळावा.

भावंडे तयार कशी करायची? हाताशी असलेले कोणतेही सुटलेले कोडे घ्या. पाळी बदला. भिंतीबाहेरचा एक श्वास बुजवा किंवा उघडा. सगळे चित्र कडेपासून एक रेघ दूर न्या. भिंतीतली एक सोंगटी काढून तिथे फट तयार करा. पोटात आधीच एक सोंगटी टाकून ठेवा. एका वेळी एकच बदल करा. दोन केले की निकाल कशामुळे फिरला ते कळत नाही. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे काही भावंडे अशी ठेवा की जिथे काही करायचे नाही: गट आधीच जिवंत आहे किंवा आधीच मेलेला आहे, आणि बरोबर उत्तर ‘दुसरीकडे खेळा’ हेच आहे. छापील कोड्याचे सगळ्यात मोठे वैगुण्य त्याच्या मथळ्यात असते. ‘काळ्याने जगावे’ असे लिहिले की जगण्याचा मार्ग आहे हे फुकट कळते. डावात असे कुणी कानात सांगत नाही. जिवंत गटात उगाच घातलेली सोंगटी ही फुकट गेलेली पाळी असते, आणि मध्यम पातळीच्या खेळाडूंचे डाव मोठ्या चुकांपेक्षा अशा दोनतीन फुकट पाळ्यांनी जास्त जातात, असे आमचे मत आहे.

प्रमाण असे ठेवावे: एका बैठकीला बारा चित्रे, तीन कुटुंबांतली प्रत्येकी चार, आणि ती पिसून. एकाच कुटुंबाची बाराही सलग घेतली तर चौथ्यानंतर डोके थांबते आणि हात चालतो. बारांतल्या तीनचारांत बदल असा असावा की उत्तर मुळीच बदलत नाही. नाहीतर शिकणारा ‘काहीतरी सरकले आहे, म्हणजे उत्तर वेगळे असणार’ असा दुसराच चुकीचा नियम शिकतो. कागद फिरवावा, आरशात उलटवावा, रंगांची अदलाबदल करावी. चार दिशा, दोन बाजू, दोन रंग मिळून एका चित्राचे सोळा चेहरे होतात. एका चित्राला दोन मिनिटे पुरेत. सोंगटीला हात न लावता वाचायचे आणि पहिली खेळी, प्रतिस्पर्ध्याचा सगळ्यात चिवट प्रतिकार, त्यावरचे उत्तर, एवढे लिहायचे. निकालही लिहायचा: जिवंत, मृत, को की सेकी, म्हणजे कोणीच कोणाला मारू शकत नाही अशी कोंडी. पहिली खेळी बरोबर आणि निकालाच्या जागी को ऐवजी ‘मृत’ लिहिले, तर ते चूकच धरावे. मोबाइलवरची कोडी पहिल्या खेळीला शाबासकी देऊन मोकळी होतात आणि अंदाजपंचे दाहोदरसे करणाऱ्याला आपण वाचतो आहोत असा भ्रम होतो. चुकलेले चित्र दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, दोन्ही वेळा वेगळ्या दिशेने ठेवून परत घ्यावे.

आपणच तयार केलेल्या भावंडाचे उत्तर तपासायला संगणकाची मदत घेता येते. अल्फागो या संगणक प्रोग्रॅमने मार्च २०१६ मध्ये सोल येथे ली सेडोल या कोरियन व्यावसायिक खेळाडूला ४-१ असे हरवले तेव्हापासून या कामाला लायक प्रोग्रॅम घरोघरच्या संगणकावर आले आहेत. पण एक खाच लक्षात ठेवावी. कोपऱ्यात कोडे मांडून बाकीचा पट रिकामा ठेवला तर प्रोग्रॅम कित्येकदा कोपरा सोडून दुसरीकडेच खेळतो, कारण त्याच्या हिशेबाने तिथे जास्त गुण आहेत. त्याला कोडे सोडवायचे नसते, डाव जिंकायचा असतो. म्हणून उरलेला पट दोन्ही रंगांच्या पक्क्या गटांनी भरून टाकावा आणि कोपऱ्यातल्या निकालावरच हारजीत ठरेल अशी वाटणी करावी. शिवाय को असेल तर दुसरीकडे कोणाला किती धमक्या, म्हणजे उत्तर द्यावेच लागेल अशा खेळ्या, शिल्लक आहेत तेही बघावे, नाहीतर को असूनही प्रोग्रॅम ‘मृत’ दाखवेल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: जुने उस्ताद तर महाकठीण एकेका कोड्याशी दिवसचे दिवस झुंजत, मग ही सोप्या कोड्यांची पंगत कशाला? झुंजणे चांगलेच आहे, पण त्या कोड्याची पंधरावी खेळी वाचताना जो आकार समोर येतो तो बहुधा वरच्याच कुटुंबांपैकी असतो. तो बघताक्षणी ओळखू आला तर वाचन तिथे थांबते. नाही आला तर आणखी आठ खेळ्या पुढे ओढावे लागते आणि मधेच धागा सुटतो. डॅन, म्हणजे वरच्या दर्जाची पदवी असलेल्या खेळाडूने आठवड्याला एक कठीण कोडे जरूर घ्यावे. त्याखालच्या क्यू पातळीवरच्याने (क्यूचा आकडा जितका मोठा तितका खेळाडू कच्चा), त्यातही दहा क्यूहून कच्चा असलेल्याने, तो वेळ भावंडांना द्यावा.

आता आपल्याकडे मागणे. कोड्यांच्या जागेत गोला कधी स्थान द्याल तेव्हा एक मोठे चित्र छापण्याऐवजी तीन लहान चित्रे एका ओळीत छापावीत. पूर्ण पटाची गरज नाही. कोपऱ्याच्या नऊ बाय सात रेघा पुरतात, मात्र पटाची कड जाड रेघेने दाखवावी, नाहीतर कोपरा की मध्य हेच कळत नाही. चित्राखाली फक्त पाळी कोणाची एवढेच लिहावे, ‘जगावे’ किंवा ‘मारावे’ नको. उत्तरात बरोबर खेळीइतकीच जागा मोहात पाडणाऱ्या चुकीच्या खेळीला आणि ती का फसते याला द्यावी. पहिल्या दिवसासाठी वरचा आयत, बाहेर शून्य, एक आणि दोन श्वासांसह, तयारच आहे. आणि उत्तर त्याच पानावर उलटे न छापता दुसऱ्या दिवशी छापावे. पान उलटे धरायला कुणालाही दोन मिनिटे लागत नाहीत.

आपले,
गो शिकवणारे काही वाचक